पायाच्या खडकातल्या चिरा

पनवेलच्या त्या नोकरीत माझा बहुतेक दिवस दगडांच्या संगतीत जायचा. समुद्रात तेलासाठी विहीर खणताना खालच्या खडकाच्या लांब गोल कांड्या कापून वर काढतात. त्यांना आम्ही कोअर म्हणायचो. त्या कांड्या लाकडी पेट्यांत भरून आमच्याकडे येत आणि गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये छतापर्यंत रचल्या जात. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्याहून नुकतीच आले होते. पेटी उघडायची, कांडी धुवायची, भिंगातून पाहायची आणि दिसेल ते वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट आहे.

शेडच्या पत्र्यात मधेमधे दुधी प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या होत्या. दुपारी त्यांतून जो उजेड खाली यायचा, तो पाण्याखाली असल्यासारखा वाटायचा. समोर चुनखडीचा तुकडा, त्यात कधीकाळच्या शिंपल्यांच्या नाजूक कडा, आणि बाहेर सगळं चिडीचूप. लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. पूर्वेच्या दारातून प्रबळगड दिसायचा. मी त्याच्यावर मनातल्या मनात समुद्र चढवायची. आधी पायथ्याची भातखाचरं बुडायची, मग झाडी, मग माथा. वर गाळाचे थर बसायचे, ते दगड व्हायचे आणि हा अख्खा डोंगर खाली निजून राहायचा. हे काही माझं खूळ नव्हतं. मुंबईच्या समुद्राखाली खरोखरच असे ग्रॅनाइटचे डोंगर गाडले गेलेले आहेत. सगळ्या थरांच्या तळाशी ते असतात म्हणून ऑफिसात सगळे त्यांना बेसमेंट म्हणत. मी त्याला पायाचा खडक म्हणायची.

पायाचा खडक लागला की खोदकाम थांबवायचं, असा रिवाज होता. वाळूच्या खडकात कणाकणांमध्ये फट असते, चुनखडीत बारीक भोकं असतात, तिथे तेल साठतं. ग्रॅनाइटच्या अंगात अशी जागाच नसते. त्यामुळे त्याच्या कांड्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

शेडची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते काका नेऱ्याचे होते. वय पन्नाशीचं, अंगाने काटक. आधीची वीस-बावीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांत विहिरी खोदल्या होत्या. सुरुंग उडवून उडवून डाव्या कानाला ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांनी ते काम सोडलं आणि आमच्याकडे लागले. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे उभं राहावं लागे. पहिले काही दिवस ते मला मॅडम म्हणाले. मी डबा आणला नव्हता अशा एका दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवली आणि त्या दिवसापासून मी त्यांची बाय झाले.

आमचे साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. शांत, मोजकं बोलणारे, निवृत्तीला वर्षही न उरलेले. एके दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "नव्या पेट्यांना जागा हवीय. जुन्या ग्रॅनाइटच्या पेट्या काढून टाका. आवारातल्या रस्त्याला खड्डे पडलेत, त्यांत टाकायला होईल तो दगड."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काका आणि मी त्या पेट्या बाहेर काढायला लागलो. वर्षानुवर्षांची धूळ साचली होती. टाकून द्यायच्या आधी नंबर तरी उतरवून घेऊ म्हणून काकांनी कांड्यांवर बादलीने पाणी ओतलं आणि त्या उन्हात मांडल्या. आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तर बहुतेक कांड्या सुकून करड्या झाल्या होत्या. दोन-तीन कांड्यांवर मात्र वरपासून खालपर्यंत काळ्या ओलसर रेघा तशाच होत्या.

काका त्यांच्यापाशी उकिडवे बसले. अंगठ्याने एक रेघ चाचपत म्हणाले, "बाय, हे बघ. ह्यो दगड फुटलेला हाय."

"वर काढताना तडा गेला असेल, काका."

"नाय. तवा गेलेला तडा कोरा असतो. हिच्या पोटात कायतरी बसलंय. आमी विहिरीत असंच बघायचो. पाणी मारायचं आन थांबायचं. दगड सुकतो, चीर मागनं सुकते."

मी भिंग लावलं. चिरेच्या दोन्ही कडांना साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे स्फटिक वाढले होते आणि त्यांच्या मधल्या पोकळीत तपकिरी डाग होते. स्फटिक वाढायला वेळ लागतो. म्हणजे ही चीर खाली, जमिनीच्या पोटातच पडलेली होती, आणि फार जुनी होती. मी नाक जवळ नेलं. वास आला की मला आल्यासारखं वाटलं, ते आजही नक्की सांगता येणार नाही.

शेडच्या कोपऱ्यात काळे पडदे लावलेली एक खोली होती. तिथल्या जांभळ्या दिव्याखाली दगड धरला की त्यातलं तेल चमकतं. कांडी घेऊन मी आत गेले. काका कधी त्या खोलीत आले नव्हते, त्यांना मी आत बोलावलं. दिवा लागला. क्षणभर काहीच दिसेना. मग अंधारात, माझ्या हातात, एक सोनेरी रेघ उजळली. बारीक, वाकडीतिकडी, मध्ये दोन फाटे फुटलेली. उंचावरून पाहिलेल्या नदीसारखी. बाहेर आल्यावर माझं लक्ष गेलं. आत येताना काकांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

साहेबांना सांगायला मी जवळजवळ पळतच गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"काही खनिजंसुद्धा चमकतात."

"सर, मी रसायनाचा थेंब टाकून पाहिला. चमक विरघळून बाहेर आली. दुधासारखी पसरली. खनिज असतं तर जागेवरच राहिलं असतं."

"मग पाइपाचं ग्रीस असेल. खोदताना लागतं ते."

"आतून फोडून बघू या का?"

ते शेडमध्ये आले. काकांनी सुरुंगाच्या जागा ठोकून पाहायची आपली जुनी हातोडी आणली, कांडी गोणपाटावर ठेवली आणि एकाच घावात तिचे दोन भाग केले. आतल्या भागाला ना पाइप लागला होता ना कुणाचा हात. साहेब स्वतः तो तुकडा घेऊन काळ्या पडद्यामागे गेले. बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांनी पेटीचा नंबर विचारला. मी सांगितला.

"या विहिरीची फाइल आणा."

फाइल जुनी होती, टाचण्या गंजलेल्या. शेवटच्या पानावर तीन छोटी वाक्यं टाइप केलेली होती. ग्रॅनाइट लागला. तेलाचा मागमूस नाही. खोदकाम थांबवावं. खाली सही. ती सही मी माझ्या रजेच्या अर्जांवर पाहिलेली होती.

साहेब एका पेटीवर बसले. काका पाणी आणायला गेले, मी फाइल मिटली.

"पंधरा वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "समुद्र खवळलेला. तीन दिवस पोटात अन्न ठरलं नव्हतं. वरचा सगळा खडक मी भिंगाने बघितला, मॅडम, एकेक वीत. आणि हा आला तेव्हा नुसता डोळ्यांनी बघितला. ग्रॅनाइटमध्ये काय बघायचं, असं वाटलं."

काकांनी आणलेलं पाणी ते प्यायले आणि उठले. "या पेट्या रस्त्यात टाकू नका," एवढंच म्हणाले.

मग दोन महिने आम्ही तिघं ग्रॅनाइटच्या मागे लागलो. रोजच्या कामातून वेळ काढून एकेक पेटी उघडायची, पाणी मारायचं, थांबायचं. थंडीचे दिवस होते. सकाळी उन्हात कांड्या मांडून त्यांच्या सुकण्याची वाट बघत बसणं, याहून सुखाचं काम मी पुढे कधी केलं नाही. माझ्या स्वप्नातही तो डोंगर यायला लागला. मी त्याच्या उतारावरून चालत असायची, वर पाण्याचा हिरवा उजेड, आणि पायाखाली चिराचिरांतून काहीतरी सावकाश वर चढतंय असं जाणवायचं. जागेपणी मला पक्कं ठाऊक होतं की तेल ग्रॅनाइटमध्ये जन्मत नाही. डोंगराच्या कुशीला, खोलगट भागात साचलेल्या काळ्या चिखलात ते तयार होतं आणि वाट मिळेल तसं वर सरकत भेगांत शिरतं. पण स्वप्नात ते ज्ञान नसायचं, नुसतं चढणं असायचं.

हाती मात्र फार लागलं नाही. बहुतेक पेट्यांतला ग्रॅनाइट सलग, ठणठणीत निघाला. साहेब हिरमुसले. "एकदोन चिरांवर कोण विश्वास ठेवणार?" ते म्हणाले.

काका झाडू मारत होते. त्यांनी उजवा कान इकडे केला. "साहेब, भोक कसं पाडताव तुमी? उभं का आडवं?"

"उभं. सरळ खाली."

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. डाव्या हाताची बोटं उभी, जराशी फाकवून धरली आणि उजव्या हाताने झाडूची एक काडी त्यांच्या मधून खाली सोडली. "चीर बी उभी आन भोक बी उभं. मग गाठ कशी पडंल? आलं नशिबात तर एक गावंल. नेऱ्याला चला. दावतो."

साहेब येतील असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी सकाळी ते पनवेलच्या एसटी स्टँडवर माझ्या आधी हजर होते, हातात कापडी पिशवी आणि डोक्याला पांढरा रुमाल. नेऱ्याला उतरून आम्ही काकांच्या मागोमाग बांधावरून चालत गेलो. त्यांच्या भावाच्या विहिरीवर त्या दिवशी आडवं बोअर मारणारे आले होते. विहीर रुंद, काळ्या दगडात खोदलेली, तळाला गुडघाभर पाणी. आत उतरायला लोखंडी शिडी होती.

"साहेब, तुमी वरनंच बघा," काका म्हणाले.

साहेबांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि शिडीला हात घातला. त्यांच्या मागून मी उतरले. पन्नासेक फूट खाली गेल्यावर वरचं जग आवाजासकट नाहीसं झालं. गार हवा, दगडाचा वास, थेंब पडल्याचा एखादा आवाज, आणि डोक्यावर आभाळाची लहानशी निळी थाळी. भिंतीत उभ्या भेगा होत्या, वरपासून पाण्यापर्यंत गेलेल्या. साहेब त्यांच्यावरून तळहात फिरवत विहिरीच्या कडेकडेने पाण्यात चालत राहिले. आम्ही सोबत आहोत हे ते विसरले होते बहुतेक.

"हा काही ग्रॅनाइट नव्हे," शेवटी ते स्वतःशीच म्हणाले.

"नसंल," काका म्हणाले. "पर फुटतो तसाच."

बोअरवाल्यांनी आपलं लहानसं यंत्र भिंतीला आडवं टेकवलं. अर्धा तास नुसता खडखडाट आणि पाण्यात मिसळलेली राखाडी पूड. एक भेग पार झाली, काही नाही. दुसरी पार झाली, जरा ओल आली. तिसऱ्या भेगेला टोक लागलं तशी सळई मागे ढकलली गेली आणि मनगटाएवढी धार सरळ साहेबांच्या छातीवर आली. ते मागे हटले नाहीत. भिजत उभे राहिले आणि हसायला लागले. त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

वर आल्यावर काकांच्या भावजयीने त्यांना कोरडा सदरा दिला. तो खांद्यात तंग होत होता. ओसरीवर बसून त्यांनी काकांना तास-दीड तास प्रश्न विचारले. कोणती चीर जास्त पाणी देते? वायव्येकडची. का? ते नाय ठाऊक, पर नेऱ्यात समद्या विहिरींना तसंच. दिलेलं पाणी टिकतं का? काकांनी जरा विचार केला. "मोठा पंप लावला तर नाय टिकत. आमच्या शेजाऱ्यानी तेच केलं. चिरंतलं पाणी झटक्यात येतं, त्याला वाटलं लई हाय. वैशाखात विहीर कोरडी. आमी थोडं थोडं काढतो."

साहेबांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं, काका सांगत होते त्याच शब्दांत.

मग त्यांनी टिपण तयार केलं. मी चित्रं काढली, चिरांची मापं आणि दिशा लिहिल्या. व्हिएतनामच्या समुद्रात ग्रॅनाइटमधून तेल निघाल्याची माहिती एका परदेशी मासिकात आली होती, तीही जोडली. टिपणाच्या सुरुवातीलाच साहेबांनी लिहिलं की समुद्रातल्या त्या विहिरीबद्दलचं आपलं पूर्वीचं निरीक्षण अपुरं होतं. मी म्हटलं, "सर, हे पहिल्याच परिच्छेदात कशाला?" ते म्हणाले, "मागे टाकलं तर लपवल्यासारखं दिसेल."

मुंबईला बैठक झाली. लांबलचक टेबल, बिस्किटांच्या बशा, भिंतीला समुद्राचे नकाशे. साहेबांचं बोलून झाल्यावर एक अधिकारी हसत म्हणाले, "ग्रॅनाइटमधून तेल? आमच्या घरी नुकताच ग्रॅनाइटचा ओटा बसवलाय. त्यातून निघेल का?"

सगळे हसले.

साहेब शांतपणे म्हणाले, "ओट्याला चीर गेली असेल तर फोडणीचं तेल तिच्यात उतरतंच. घरी गेल्यावर बघा. आणि ते उभं भोक पाडून सापडणार नाही. तिरकं जावं लागेल."

हसू ओसरलं. कोणीतरी नकाशा पुढे ओढला. त्या दिवशी ठरलं काहीच नाही. टिपण ठेवून घेतलं गेलं, आम्ही संध्याकाळच्या एसटीने पनवेलला परतलो. मानखुर्द ओलांडून खाडीच्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावर तांबूस उजेड होता. साहेब खिडकीशी बसून त्याच्याकडे बघत होते. "बोललो, एवढं झालं," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ते निवृत्त होऊन गावी गेल्यावर तीनेक वर्षांनी ती बातमी आली. समुद्रातली एक बंद पडलेली विहीर पुन्हा उघडली होती, आणि तिच्या तळाशी पायाच्या खडकात तिरकं जायचं ठरलं होतं. आमच्या टिपणामुळे, की आणखी कुणाच्या सांगण्यावरून, ते मला कधीच कळलं नाही. पण तिरकं गेले आणि तेल लागलं. पहिल्या आठवड्यात तर इतकं आलं की ऑफिसात पेढे वाटले गेले. मी साहेबांना पत्र टाकलं. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं. अभिनंदन वगैरे काही नाही. लिहिलं होतं, "आनंद झाला. पाणी किती येतंय? सावकाश काढायला सांगा."

पण तेव्हा कुणाला सावकाश काढायचं नव्हतं. चार-पाच महिन्यांत चिरांच्या तळाचं पाणी तेलासोबत वर यायला लागलं आणि वाढतच गेलं. ओट्याचा विनोद पुन्हा ऐकू येऊ लागला. मी शेडमध्ये येऊन पेट्यांच्या आडोशाला बसून राहिले. काकांनी विचारलं, मी सांगितलं.

"मोठा पंप लावला आसंल," ते म्हणाले.

मी त्यांचं ते बोलणं आणि साहेबांचं पोस्टकार्ड डोक्यात धरून एक साधं पत्र लिहिलं आणि वर पाठवलं. विहीर बंद करण्याऐवजी तिचं तोंड आवळून थोडं थोडंच तेल काढून बघा, असं त्यात होतं. माझ्यासारखंच आणखी दोघातिघांनी सुचवलं होतं, असं नंतर समजलं. तोंड आवळलं गेलं. पाणी पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं. ती विहीर कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती, पण मी पनवेल सोडलं तेव्हाही ती थोडं थोडं तेल देत होती.

मी पनवेलला असेपर्यंत साहेब पुन्हा एकदाच आले, पेन्शनच्या कुठल्या तरी कागदासाठी. काठी टेकत शेडपर्यंत चालत आले. काकांनी स्टुलावर फडकं मारलं, मी कपाटातून एक छोटी बाटली काढली. त्या विहिरीचं तेल मी मुद्दाम मागवून ठेवलं होतं. साहेबांनी बूच काढून डोळे मिटून वास घेतला. मग बाटली उजेडाकडे धरली. तेल गडद तपकिरी, कडेला हिरवट झाक. त्यांनी ती काकांकडे दिली. काकांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि बाटली मला परत दिली.

"पातळ हाय," काका म्हणाले.

"हो, बरंच पातळ," साहेब म्हणाले.

चहा आला. दारातून वारा येत होता, वरच्या पट्ट्यांतून दुपारचा उजेड झिरपत होता. दोघं म्हातारे नेऱ्याच्या विहिरींबद्दल बोलायला लागले, यंदा कुणाची किती भरली, कुणाची अजून धरून आहे. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि त्यांचं बोलणं ऐकत बसले.